नाताळचं ताट आणि न विचारलेला प्रश्न

पाथर्डी तालुक्यातल्या बचत गटांच्या वतीने आम्ही बोलतोय. डिसेंबर लागला की आपल्याकडची गावं अर्धी रिकामी होतात. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांवर जातात, आणि गावात राहतात ती म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. याच दिवसांत २५ डिसेंबरला नाताळ येतो. आज त्या सणाच्या ताटाबद्दल बोलू.

‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला. त्याचा अर्थ जन्म, म्हणजे येशू ख्रिस्ताचा जन्मदिवस. आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, हा सण नवा नाही. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला काम सुरू केलं. तेव्हापासून इथल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या कितीतरी पिढ्या मराठीतच वाढल्या. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताची भजनं आणि अभंग मराठीत रचले, ते चर्चमध्ये आजही गातात.

आणि फराळ? तोही आपलाच. करंजी, शंकरपाळी, चकली, रव्याचे लाडू. आपण दिवाळीला जे तळतो तेच त्यांच्याकडे नाताळला तळतात. दारात आकाशकंदिलासारखी चांदणी लागते. फक्त केक तेवढा वेगळा. दिवाळीत आपलं ताट त्यांच्या घरी जातं, नाताळात त्यांचं ताट आपल्याकडे येतं. गोव्यातही नेवऱ्या, दोदोल असे पदार्थ शेजाऱ्यांना वाटतात. तिथे या ताटाला ‘कोंसुआद’ म्हणतात.

आता जरा अवघड गोष्ट सांगतो. आमच्या एका गटातल्या ख्रिस्ती ताई दर नाताळाला गल्लीत ताटं देत. सगळ्या हसून घेत. एका वर्षी त्यांच्या लेकीने बघितलं, की एका घरी त्यांचा केक आणि करंज्या शेळीपुढे टाकल्या आहेत. ताई कुणाला काही बोलल्या नाहीत. पुढच्या वर्षी मात्र त्यांनी ताटच दिलं नाही. आम्ही विचारलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, “मला वेळ झाला नाही.” खरं कारण कळायला आम्हाला दोन महिने लागले.

मग गटाच्या बैठकीत हा विषय काढला. पहिल्यांदा सगळ्या गप्प. मग एक माळकरी आजी बोलल्या, “मला अंड्याची शंका होती. विचारायला लाज वाटली.” त्या खरं बोलल्या. पण सगळ्यांची अडचण अंड्याची नव्हती. करंजीत कुठे अंडं असतं? काहींच्या मनात जात होती, हे आम्हाला दिसत होतं. त्या दिवशी ते कुणी तोंडाने कबूल केलं नाही.

म्हणून आम्ही या दोन गोष्टी वेगळ्या करून सांगतो. अंडं खात नाही, उपास आहे, साखरेचा आजार आहे, हे खुशाल विचारावं आणि सांगावं. त्याने देणारीला वाईट वाटत नाही, उलट सोपं होतं. पण हात कुणाचा लागला म्हणून खायचं नाही, हा खाण्याचा प्रश्नच नाही. तो माणसाला कमी लेखण्याचा प्रश्न आहे.

हे सोडणं जमतं का? ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण घ्या. त्या फार कडक सोवळ्याच्या घरात वाढल्या. १८९५ साली पती ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांना ते सहन झालं नव्हतं. पुढे हळूहळू त्यांनी शिवाशिव मनातून काढली, आणि १९०० साली त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या. धर्म कुणी कोणता पाळावा हे ज्याचं त्याने ठरवावं. पण शिवाशिव सोडायला धर्म बदलावा लागत नाही.

आमच्या गटाने पुढच्या नाताळाला काय केलं? ताईंच्याच घरी, त्यांच्याच कढईत, सगळ्यांनी मिळून फराळ केला. शंकरपाळीचं प्रमाण सोपं: एक वाटी दूध, एक वाटी साखर, एक वाटी तूप गरम करून साखर विरघळवायची, गार झाल्यावर मावेल तेवढा मैदा घालून मळायचं आणि मंद आचेवर तळायचं.

केक बिनअंड्याचा केला. दोन वाट्या बारीक रवा, एक वाटी साखर, एक वाटी दही आणि एक वाटी दूध कालवून अर्धा तास झाकून ठेवा. मग अर्धी वाटी तेल, एक छोटा चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा खाण्याचा सोडा आणि वेलची घाला. जाड बुडाच्या पातेल्यात वाटीभर मीठ पसरा, त्यावर स्टँड ठेवा आणि झाकण लावून दहा मिनिटं तापवा. तेल लावलेल्या डब्यात मिश्रण ओतून तो डबा आत ठेवा. बारीक आचेवर चाळीस मिनिटं लागतात. सुरी टोचून कोरडी निघाली की झाला. पूर्ण गार झाल्यावरच कापा. हा केक दोन दिवसांत संपवा. शंकरपाळी घट्ट झाकणाच्या डब्यात पंधरा दिवस राहते.

ताटं वाटताना आधी ऊसतोडीला गेलेल्यांच्या घरी गेलो, जिथे आजी आणि नातवंडं आहेत. मग दुखवट्याच्या घरी, कारण तिथे त्या वर्षी तळण होत नाही. प्रत्येक दारात ताई स्वतः सांगत होत्या, “यात अंडं नाही बरं का.” त्या माळकरी आजींनी आमच्यासमोर केकचा तुकडा तोंडात टाकला. दोन घरांनी ताट घेतलं, पण खाल्लं की नाही ते आम्ही विचारलं नाही. यंदाही तिथे ताट जाणार आहे.

तुमच्या गटात ख्रिस्ती बहीण असेल तर या महिन्याच्या बैठकीत तिला विचारा, “तुमच्याकडे तळायला कधी येऊ?” आणि तिचं ताट घरी आलं तर ते रिकामं परत पाठवू नका. घरात गूळ असेल तर गूळ, शेंगदाणे असतील तर शेंगदाणे, मूठभर तरी घाला.