स्मूदी पाणचट का होते?

वाकड-हिंजवडीकडच्या दुकानांतून मिळणारी दाट, मऊ स्मूदी आता अनेकांच्या परिचयाची झाली आहे. आपले केळ्याचे शिकरण आणि पुण्याची मस्तानी ही तिची जवळचीच भावंडे. पण घरी मिक्सरमध्ये केलेली स्मूदी पुष्कळदा पाणचट होते, नाहीतर जिभेला बर्फाची कचकच लागते. असे का व्हावे? याचे उत्तर तुमच्या पाठ्यपुस्तकातील उष्णतेच्या धड्यात आहे.

प्रथम पाणचटपणा पाहू. समजा, २०० ग्रॅम दूध ३० अंश सेल्सिअसवरून ५ अंशांवर आणायचे आहे. दुधाचा विशिष्ट उष्मा पाण्याइतकाच धरला, तर २०० × २५ म्हणजे ५,००० कॅलरी उष्णता काढून घ्यावी लागेल. शून्य अंशाचा १ ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी शोषतो आणि त्याचे पाणी ५ अंशांपर्यंत तापताना आणखी ५, एकूण ८५ कॅलरी. आता भागाकार करा. सुमारे ५९ ग्रॅम बर्फ लागतो, आणि तो सारा पाणी होऊन पेल्यातच राहतो!

आता बर्फाऐवजी गोठवलेले केळे घ्या. १०० ग्रॅम केळ्यात सुमारे ७५ ग्रॅम पाणी असते. फ्रीझरमध्ये नीट गोठलेले हे केळे ५,००० कॅलरी सहज शोषून घेते. पण वितळलेले पाणी फळाचेच असते. बाहेरचा एक थेंबही त्यात मिसळत नाही. शिवाय केळ्यातील पेक्टिन व तंतू पाणी धरून ठेवतात, त्यामुळे मिश्रणाची श्यानता वाढते.

कचकचीचे कारण स्फटिकांच्या आकारात आहे. पाणी सावकाश गोठले की स्फटिक थोडे पण मोठे होतात. झटपट गोठले की पुष्कळ आणि बारीक. म्हणून केळे सोलून पातळ चकत्या कराव्यात आणि त्या ताटलीत सुट्या पसरून गोठवाव्यात. अखंड केळे गोठायला फार वेळ लागतो.

मिक्सरचेही शास्त्र आहे. भांड्यात आधी दूध आणि मग चकत्या घालाव्यात. दूध फिरू लागले की भोवरा तयार होतो व तो चकत्यांना पात्यांकडे ओढतो. मिश्रण फार घट्ट असेल तर पात्यांभोवती हवेची पोकळी होते. पाती नुसती फिरतात आणि गर कडेला चिकटून राहतो. अशा वेळी मिक्सर बंद करून, प्लग काढून, चमच्याने गर खाली सारावा व थोडे दूध घालावे.

मात्र उगाच फिरवत बसू नये. ५०० वॅटचा मिक्सर एका मिनिटात ३०,००० जूल ऊर्जा घेतो. समजा, त्यातील एक-तृतीयांशच मिश्रणात उष्णतेच्या रूपाने उतरली, तरी सुमारे ३० ग्रॅम बर्फ वितळेल. कमावलेला दाटपणा असा हातचा जातो.

हे सारे तुम्हाला पडताळून पाहता येईल. एक पेला बर्फ घालून व दुसरा गोठवलेल्या चकत्या घालून करा. केळे, दूध आणि फिरवण्याचा वेळ सारखाच ठेवा. मग रुंद नळीच्या नरसाळ्यातून दोन्ही मिश्रणे सारख्याच मापाने ओतून घड्याळ लावा. ज्याला अधिक वेळ लागेल त्याची श्यानता अधिक. आकडे वहीत लिहून वर्गात शिक्षकांना दाखवा आणि प्रयोग संपल्यावर दोन्ही पेले अर्थातच रिकामे करा!