रथाचे लाकूड आणि दोराचा हक्क

देवळातील लाकडी कामाविषयी आपल्याकडे दोनच प्रकारे लिहिले जाते. कलेचे अभ्यासक नक्षीचे कौतुक करतात आणि भाविक पावित्र्याचे. हे काम कोणाच्या हातचे, त्याचा मोबदला काय आणि काम संपल्यावर करणाऱ्याची जागा कुठे, हे प्रश्न दोघेही विचारीत नाहीत. मी सुताराच्या घरात जन्मलो. माझा आजा, वडील आणि चुलते यांनी पालख्या, मखरे, मंडपाचे खांब आणि रथाची चाके केली. मास्तरकी लागेपर्यंत मीही वाकस चालवला. म्हणून हे काम आतून कसे चालते ते मांडतो.

सुताराची पहिली पारख लाकडाची. रथाच्या सांगाड्याला सागवान घेतात. ते तेलकट असते, त्याला वाळवी सहसा लागत नाही आणि पावसाळ्या-उन्हाळ्यात ते फारसे फुगत-आकसत नाही. चाकाला बाभूळ बरी, कारण ती चिवट. ओले लाकूड वापरले तर पुढे तडकते, म्हणून ते सावलीत वाळवत ठेवावे लागते. चाकाच्या मध्ये तुंबा, तुंब्यात ठोकलेले आरे, आऱ्यांवर पुठ्ठे आणि पुठ्ठ्यांवर लोखंडी धाव. धाव लोहार बसवतो. ती लाल तापवली की पसरते, चाकावर चढवून पाणी ओतले की आवळते आणि सारे सांधे घट्ट धरते. म्हणजे रथाचे एक चाकसुद्धा एकट्या सुताराचे नसते.

रथ ओढायचा दोरखंड मांगाने वळलेला. वाजंत्रीच्या वाद्यावरचे कातडे ढोराने कमावलेले. जळाऊ लाकडाचा भारा आणि सांगाव्याची पायपीट महाराच्या माथी. या सर्वांना मिळे ते बलुते, म्हणजे खळ्यावरचे धान्य. देवाचे काम तर पुष्कळदा सेवा म्हणूनच धरले जाई. आमच्या घरी अशा कामाबद्दल शिधा, नारळ आणि एखादे पागोटे येई. 'सेवा' हा शब्द मजुरी बुडवायला किती सोयीचा आहे, हे श्रमिकांनी ओळखले पाहिजे.

आता स्पर्शाचा प्रश्न. सुतार जमिनीवर बसून काम करतो आणि लाकूड पायाने दाबून धरतो. पालखीच्या दांड्याचे सिंहमुख वडिलांच्या पायाखालीच घडत असे. त्याचा कोणाला विटाळ होत नसे. मात्र मूर्तीचे काम असले की प्राणप्रतिष्ठेचे मंत्र होताच तेच लाकूड घडवणाऱ्याला परके होई. आम्हाला मंडपापर्यंत मुभा, गाभाऱ्यात नाही. दोरखंड वळणाऱ्याला मंडपही नाही; तो देवळाबाहेर. लाकूड तेच, दोर तोच. बदलतो तो फक्त मालकी सांगणारा.

ही उतरंड किती पक्की होती ते नाशिकला दिसले. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. ९ एप्रिलला रामनवमीचा रथ होता. दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून रथ ओढावा, अशी तडजोड ठरली होती. प्रत्यक्षात सवर्णांनी तो परस्पर पळवला आणि सत्याग्रहींवर दगडफेक झाली. स्वतः डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे हजर होते. ज्यांच्या जातीने पिढ्यान्‌पिढ्या दोर वळले आणि ओझी वाहिली, त्यांनी दोराला हात लावू नये, एवढाच त्या दगडांचा अर्थ होता.

माझ्या कारागीर बांधवांना येथे काही विचारले पाहिजे. सुतार, लोहार, सोनार, तांबट, पाथरवट हे पांचाळ स्वतःला विश्वकर्म्याचे वंशज म्हणवतात आणि जानव्याचा हक्क सांगतात. पण १७७९ साली मुंबईत सोनारांना 'नमस्कार' हा शब्द वापरण्याची बंदी झाली, ती कोणाच्या आग्रहावरून? वरच्या पायरीने आपल्याला ढकलले तरी खालच्या पायरीला आपण ढकलतोच. १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त बाबासाहेबांनी श्रमाची विभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांत जो फरक केला, तो आमच्या घरच्या पडवीतही खरा आहे.

हा प्रश्न जुना झालेला नाही. २०२३ साली केंद्र सरकारने १८ पारंपरिक व्यवसायांसाठी विश्वकर्मा योजना आणली. अवजारे आणि कर्ज मिळावे, याला कोणाचा विरोध असणार? पण अर्जदाराचे कुटुंब त्याच धंद्यात असावे, या अटीला तामिळनाडू सरकारने हरकत घेतली आणि २०२४ मध्ये त्या स्वरूपात योजना राबवण्यास नकार दिला. ती हरकत मला पटते. हातातली कला बापाकडून शिकता येते; पण ती रक्तातून येत नाही. माझ्या वडिलांनाही पटाशीला धार लावायला शिकवावेच लागले होते. मग ती कला मांगाच्या मुलीने का शिकू नये, आणि सुताराच्या मुलाने ती खुशाल का सोडू नये?

कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी आपापल्या गावच्या जत्रेचा असा हिशेब मांडून पाहावा. रथ कोणी केला, दोर कोणी वळला, कातडे कोणी कमावले. त्यांना काय मिळाले. आणि आज दोर कोणाच्या हातात आहे. विद्यार्थ्यांकडून हा तक्ता करून घेतला, तर जातिव्यवस्थेवर वेगळे व्याख्यान द्यावे लागणार नाही.