वर्गाबाहेरचे गुरुजी

वडोदऱ्यातल्या आमच्या मराठी शाळेत मी चौथीत असतानाची गोष्ट. गणिताच्या चाचणीत मी शेजारणीच्या वहीतलं उत्तर बघून उतरवलं. बाईंनी दहापैकी दहा मार्क दिले आणि वही परत देताना एवढंच विचारलं, "हे गणित घरी धाकट्या भावाला समजावून सांगशील ना?" मी मान डोलावली खरी, पण मधल्या सुट्टीत डबा घशाखाली उतरेना. शेवटी बाईंकडे जाऊन खरं सांगून टाकलं. बाई रागावल्या नाहीत. शेजारी बसवून त्यांनी ते गणित नीट समजावलं. मार्क मात्र कापले! त्या वर्षी शिकलेलं बाकी बरंच विसरले, पण ती मधली सुट्टी अजून आठवते.

आता माझी मुलगी शाळेत जाते. मंडळाच्या कार्यक्रमात आम्ही चार आया भेटलो की फी, ट्यूशन आणि टक्के यांवर बोलून होतं आणि शेवटी एक वाक्य हमखास येतं, "हल्ली शाळेत संस्कार कुठे राहिलेत?" मलाही तसं वाटायचं. पण संस्कार म्हणजे नेमकं काय, आणि ते होतात तरी कसे, याचा विचार करायला लागले तेव्हा दोन शिक्षक आठवले.

पहिले साने गुरुजी. आपल्याला ते 'श्यामची आई'चे लेखक म्हणून ठाऊक असतात. खानदेशात अमळनेरच्या शाळेत ते 1924 साली शिक्षक झाले आणि 1930 मध्ये स्वातंत्र्याच्या लढ्यात उतरण्यासाठी त्यांनी नोकरी सोडली. म्हणजे शाळेत उणीपुरी सहा वर्षं. पण वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि तिथे त्यांचं खरं शिकवणं सुरू झालं. मुलांच्या खोलीत पसारा दिसला तर ते व्याख्यान देत नसत. मुलं बाहेर गेली की स्वतः खोली झाडायचे, कपड्यांच्या घड्या घालून ठेवायचे. परत आलेली मुलं खजील व्हायची आणि दुसऱ्या दिवशी आपणच केरसुणी हातात घ्यायची. मुलांसाठी ते हाताने लिहून रोजचं 'छात्रालय दैनिक' काढत. हे काही त्यांच्या नोकरीच्या अटींत नव्हतं.

दुसरे कृष्णराव अर्जुन केळुसकर. मुंबईच्या विल्सन हायस्कूलमधले शिक्षक आणि लेखक. चर्नी रोडच्या बागेत ते संध्याकाळी वाचत बसायचे. तिथेच शाळा सुटल्यावर एक मुलगा पुस्तक घेऊन येऊन बसायचा. तो त्यांच्या वर्गातला नव्हता, त्यांच्या शाळेतलाही नव्हता. तरी त्यांनी त्याची चौकशी केली, त्याला वाचायला पुस्तकं देऊ लागले. पुढे त्याच्या सत्काराच्या वेळी स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र त्यांनी त्याला भेट दिलं. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. आपण बुद्धाकडे कसे वळलो हे सांगताना बाबासाहेबांनी पुढे या पुस्तकाचा आवर्जून उल्लेख केला. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा त्या भेटीला जवळजवळ पन्नास वर्षं होत आली होती.

या गोष्टीचा एक धागा आपल्या वडोदऱ्यापर्यंत येतो. कॉलेजच्या शिक्षणाला पैसे कमी पडू लागले तेव्हा केळुसकरांनीच या मुलाची गाठ सयाजीराव महाराजांशी घालून दिली. महाराजांनी दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती दिली आणि 1913 मध्ये त्याला अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकायला पाठवलं. महाराजांच्या दातृत्वाचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावाच. पण त्या दारापर्यंत मुलाला घेऊन गेला तो एक साधा शाळामास्तर, हे आपण सहसा सांगत नाही.

या दोघांत मला एक गोष्ट सारखी दिसते. मुलांवर परिणाम झाला तो त्यांच्या धड्यांपेक्षा, 'हे माझं काम नाही' असं म्हणायची सोय असतानाही त्यांनी जे केलं त्याचा. मूल हे बरोबर टिपतं. मोठं माणूस बोलतं काय यापेक्षा कुणी बघत नसताना ते वागतं कसं, याकडे त्याचं लक्ष असतं.

मग सगळा भार शाळेवर टाकून कसं चालेल? आजच्या शिक्षकांच्या मागे मोठे वर्ग, ऑनलाइन माहिती भरणं, निवडणुकीची कामं, काय काय असतं. सगळेच शिक्षक साने गुरुजी नसतात, हेही खरं. पण आपण पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर शिक्षिकेची टिंगल करतो, जेवताना मुलांसमोर "तुझ्या मिसला काही कळत नाही" म्हणतो, आणि मग मुलाने तिचं ऐकावं अशी अपेक्षा धरतो. तक्रार असेल तर शाळेत जाऊन सांगावी. मुलाच्या मनातला शिक्षकाचा मान घरीच गेला, तर उद्या उत्तम शिक्षक भेटला तरी त्याचं बोलणं आत पोचणार नाही.

आणि केळुसकर होण्यासाठी शिक्षकच असायला हवं असंही नाही. आमच्या सोसायटीच्या वॉचमनचा मुलगा रोज संध्याकाळी जिन्याखालच्या दिव्यात अभ्यास करत बसायचा. मी दोन वर्षं त्याच्या बाजूने लिफ्टकडे जात होते. हा लेख लिहायच्या विचारात असताना एकदा थांबले, काय वाचतोस म्हणून विचारलं आणि घरातलं एक गुजराती गोष्टींचं पुस्तक आणून दिलं. सोबत माझी लेक होती, ती काहीच बोलली नाही.

आठवड्याने त्याने पुस्तक परत आणलं. मी दुसरं शोधायला उठले, तर माझ्या आधी लेकच कपाटाशी पोचली होती.