इंजिनातला दोष कुणाच्या माथी?

इंजिनातल्या पिस्टनची खाली-वर हालचाल कनेक्टिंग रॉडमार्फत क्रँकशाफ्टकडे जाते आणि तिथे ती फिरण्यात बदलते. रॉड आणि क्रँकशाफ्ट यांच्यामध्ये धातूचे पातळ बेअरिंग असते. त्यावर ऑइलचा थर टिकला तरच बेअरिंग टिकते, आणि हे ऑइल येते ते क्रँकशाफ्टमध्येच पाडलेल्या बारीक छिद्रांतून. ह्युंदाईचे ‘थीटा 2’ हे पेट्रोल इंजिन अमेरिकेत बदनाम झाले ते या छिद्रांपायी.

मशीनिंगच्या वेळी निघालेला धातूचा कीस काही क्रँकशाफ्टमधून नीट साफ झालेला नव्हता. कीस छिद्रात अडकला की ऑइल कमी पोहोचते, बेअरिंग झिजते आणि इंजिनातून टकटक ऐकू येऊ लागते. तरीही गाडी चालवत राहिले तर इंजिन जाम होते, तेही कधीकधी महामार्गावर, भर वेगात. रॉड तुटून ब्लॉकला भोक पडले आणि ऑइल तापलेल्या भागावर सांडले, तर आगही लागू शकते.

गाडीमालकाची खरी पंचाईत इथेच आहे. ऑइल वेळेवर न बदलल्यानेही बेअरिंग अगदी असेच जाते. त्यामुळे दुरुस्तीचा दावा करणाऱ्यापुढे पहिला प्रश्न येई तो ऑइलबदलाच्या पावत्यांचा. पावत्या नसल्याने वॉरंटी नाकारली गेली, अशा तक्रारी अनेकांनी केल्या. एकट्या मालकाने कारखान्यातली चूक सिद्ध करणे जवळपास अशक्यच. पण त्याच प्रकारचे इंजिन असलेल्या हजारो गाड्यांच्या तक्रारी एकत्र आल्या, की निष्काळजीपणाचे कारण आपोआप लंगडे पडते.

सप्टेंबर 2015 मध्ये ह्युंदाईने 2011 आणि 2012 सालच्या सुमारे 4 लाख 70 हजार सोनाटा गाड्या परत बोलावल्या. 2017 मध्ये ह्युंदाई आणि किया मिळून आणखी सुमारे 12 लाख गाड्यांची त्यात भर पडली. मधल्या काळात, 2016 मध्ये, ह्युंदाईच्याच एका अभियंत्याने, किम ग्वांग-हो यांनी, कंपनीने दोष वेळेत जाहीर केला नसल्याची माहिती अमेरिकी यंत्रणेला दिली. कंपनीने त्यांना कामावरून काढले. पुढे 2020 मध्ये रिकॉलमधील दिरंगाईबद्दल दोन्ही कंपन्यांवर मिळून 21 कोटी डॉलरच्या दंडाची तडजोड झाली, आणि 2021 मध्ये किम यांना 2 कोटी 40 लाख डॉलरहून अधिक बक्षीस मिळाले. सामूहिक दाव्यांतून ठरलेल्या गाड्यांना या बेअरिंग-दोषासाठी आजीवन वॉरंटीही देण्यात आली. त्यासाठी एक सॉफ्टवेअर बसवून घ्यावे लागते. बेअरिंगच्या बिघाडाची कंपने जाणवताच ते इशारा देते आणि गाडीचा वेग आवरते. दोष मात्र त्याने बरा होत नाही.

भारतात कारखान्याची जबाबदारी बराच काळ वॉरंटीच्या मजकुरापुरतीच मर्यादित राहिली. 2006 मध्ये मारुती उद्योगच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वॉरंटीच्या अटींकडे बोट दाखवले: कंपनीवर सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची जबाबदारी आहे, गाडीच बदलून देण्याची नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने उत्पादकाच्या दायित्वासाठी स्वतंत्र प्रकरण जोडले. त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यात 110-अ हे कलम आले आणि सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. त्याखालील नियम एप्रिल 2021 पासून लागू आहेत. सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना ते लागू होतात आणि दंड एक कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

तक्रारींवरून आदेश निघायचा, तर त्यांची संख्या गाडीच्या विक्रीच्या प्रमाणात ठरलेल्या आकड्यापर्यंत जावी लागते. ती तेवढी झाली नाही, तर मालकापुढे ग्राहक आयोगाचा रस्ता उरतो. तिथे सर्व्हिस सेंटरची प्रत्येक भेटीची जॉब कार्डे कामी येतात. त्यांवर ‘जनरल चेकअप’ असे मोघम न लिहिता नेमकी तक्रार नोंदवली गेली असेल, तरच तोच बिघाड पुन्हा पुन्हा होत होता हे दाखवता येते. कारखान्यातलाच दोष असल्याचे ठरवायला बहुधा तज्ज्ञाचा अहवाल लागतो, आणि जुने इंजिन खोलून भंगारात गेल्यावर तो मिळवणे फार अवघड होते.