मार्गदर्शनाची भाषा : कागदी नकाशा आणि उपग्रह

मोटार चालविताना उपग्रहाधारित यंत्रावर विसंबावे की कागदी नकाशा जवळ बाळगावा, या प्रश्नाची चर्चा बहुधा सोयीच्या अंगाने होते. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने त्यास आणखी एक अंग आहे. ही दोन साधने वाटेचे वर्णन दोन निराळ्या पद्धतींनी करतात, आणि चालकाच्या मनात प्रदेशाचे जे चित्र उमटते ते पुष्कळ अंशी या पद्धतींवर अवलंबून असते.

स्थलनिर्देशाची एक पद्धत व्यक्तिसापेक्ष होय. 'डावीकडे', 'उजवीकडे' हे शब्द माणसाच्या तोंडावर अवलंबून असतात; तो वळला की त्यांचा अर्थही फिरतो. दुसरी पद्धत दिक्सापेक्ष होय. जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा सांगताना 'पूर्वेस ओढा, पश्चिमेस रस्ता' असेच लिहिले जाते, कारण वाचणारा कोठेही उभा असला तरी ती सीमा बदलता कामा नये. या दोन पद्धतींचा मूळचा संबंध संस्कृत शब्दांत दिसतो. 'पूर्व' म्हणजे पुढचा, 'पश्चिम' म्हणजे मागचा आणि 'दक्षिण' म्हणजे उजवा. उगवतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाच्या देहावरून दिशांना नावे मिळाली. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड प्रांतातील गूगू यिमिधिर भाषा याच्या दुसऱ्या टोकाला आहे. जवळच्या वस्तूचे स्थान सांगतानाही तिचे परंपरागत भाषक डावे-उजवे न म्हणता दिशावाचक शब्द योजतात, असे हॅविलंड व लेव्हिन्सन यांच्या अभ्यासांनी दाखविले.

कागदी नकाशा दिक्सापेक्ष असतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १ : ५०,००० प्रमाणाच्या पत्रकावर २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर, आणि उत्तर वरच्या बाजूस. त्यावरून डावे वळण काढावयाचे तर रूपांतराचे काम चालकालाच करावे लागते. अमेरिकेच्या जीपीएस प्रणालीतील उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून संदेश पाठवितात. निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की यंत्र आपले अक्षांश, रेखांश, उंची व कालभेद काढते. म्हणजे यंत्राजवळचे ज्ञानही दिक्सापेक्षच असते; परंतु रूपांतर ते स्वतः करते आणि चालकाच्या कानी 'दोनशे मीटरवर उजवीकडे वळा' एवढाच निष्कर्ष येतो.

या श्रमविभागणीचा परिणाम नगण्य नाही. प्राणी मनात प्रदेशाचा नकाशा रचतात ही कल्पना टॉलमन यांनी १९४८ मध्ये मांडली. लंडनचे हजारो रस्ते मुखोद्गत करणाऱ्या टॅक्सीचालकांच्या मेंदूतील हिपोकॅम्पसचा मागचा भाग इतरांहून मोठा आढळला, असे मॅग्वायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केले. २००८ मध्ये इशिकावा प्रभृतींनी जपानात केलेल्या प्रयोगात यंत्राच्या साहाय्याने पायी वाट काढणारे लोक नकाशा वापरणाऱ्यांपेक्षा अधिक अंतर चालले व अधिक वेळा थांबले. प्रयोग पादचाऱ्यांवरचा असल्याने तो मोटारचालकांस जसाच्या तसा लावता येणार नाही. तथापि त्याचा रोख स्पष्ट आहे.

यावरून यंत्र टाकून द्यावे, असा निष्कर्ष निघत नाही. अनोळखी शहरात रात्री एकट्या चालकाने नकाशा उलगडणे धोक्याचे असते. वाहतुकीची कोंडी नकाशा दाखवू शकत नाही, आणि छापील पत्रक जुने होते. परंतु बोगद्यात उपग्रहांचे संदेश पोचत नाहीत, आणि डोंगराळ भागात मोबाइलचे जाळे तुटले की, नकाशा आधी उतरवून घेतलेला नसल्यास, पडदा कोरा राहू शकतो. अशा वेळी वाट माणसालाच विचारावी लागते. 'ओढा ओलांडून मावळतीला धरा' किंवा 'तिठ्यावरून खालच्या अंगाला जा' हे उत्तर मिळाले, तर ज्याच्या मनात दिशांची चौकटच नाही त्याला त्याचा उपयोग होत नाही. बोलणारा आणि ऐकणारा एकाच भाषेचे असूनही तेथे संभाषण खुंटते.

म्हणून निघण्यापूर्वी नकाशावर वाटेचा रोख, नद्या, घाट व मोठी गावे पाहून घ्यावीत आणि वळणांचा तपशील यंत्राकडे सोपवावा, हा मार्ग व्यवहार्य दिसतो. यंत्राच्या पडद्यावरही उत्तर वर ठेवण्याची सोय बहुधा असते. संशोधकांपुढचे काम मात्र निराळे आहे. घाटावर, कोकणात आणि गोमंतकात वाट सांगताना 'उगवती', 'मावळती', 'वर', 'खाली' हे शब्द नेमके कोणत्या अर्थाने योजले जातात, याची गावोगाव नोंद होणे अगत्याचे आहे. कारण वाट विचारण्याचे प्रसंग जसे विरळ होतील, तसा या शब्दांचा वापर ऐकावयास मिळण्याचा संभवही उणावत जाईल.