राजकारणातला पहिला भाव

मंडळी, बैलबाजार आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला असेल. उपरण्याखाली हात जातात, बोटं दाबली जातात, आणि बैलाचा धनी जो पहिला भाव सांगतो तो त्याच्या मनातल्या भावाहून चढाच असतो. खाली उतरायला जागा ठेवावी, हे शहाणपण तिथं कुणाला शिकवावं लागत नाही. मग बोलणी करण्यात मुरलेले राजकीय पक्ष पुष्कळदा पहिल्याच दिवशी मधला, कधी कधी तर पडता भाव का सांगतात? त्यांचेच पाठीराखे कपाळाला हात लावून म्हणतात, "अहो, निम्मं तर तुम्ही आधीच सोडून दिलंत!" हे भित्रेपण म्हणावे की यात काही हिशेब असतो? एक घडलेले उदाहरण घेऊन पाहू.

उदाहरण अमेरिकेचे आहे. 2009 साली बराक ओबामा अध्यक्ष झाले, तेव्हा त्या देशात साडेचार कोटींच्या आसपास लोकांजवळ आजारपणाचा विमा नव्हता. तिथला दवाखान्याचा खर्च असा, की विमा नसलेल्या घरात एक मोठे दुखणे आले म्हणजे ते घर कर्जात बुडायचे. सर्वांचा विमा सरकारनेच उतरवावा, ही ओबामांच्या डेमोक्रॅटिक पक्षातील पुष्कळांची जुनी मागणी होती. हा झाला चढा भाव. परंतु बोलणी तिथून सुरू झालीच नाहीत. सिनेटच्या अर्थसमितीचे अध्यक्ष मॅक्स बॉकस यांनी ती मागणी आरंभीच बाजूला ठेवली. खाजगी विमा कंपन्या राहू द्याव्यात, प्रत्येकाने विमा घ्यावा, गरिबाला सरकारने हातभार लावावा, अशी मधली योजना पुढे आली. बरीचशी अशीच योजना 2006 साली मॅसॅच्युसेट्स राज्यात झाली होती, आणि तिथले त्या वेळचे गव्हर्नर मिट रॉम्नी हे विरोधी रिपब्लिकन पक्षाचे! विरोधकांच्या कोठारातले बी घेऊनच पेरणीला सुरुवात झाली म्हणा ना.

असे का झाले? पहिले कारण घरातले. सिनेटमध्ये सभासद 100. लांबत चाललेली चर्चा थांबवून असे विधेयक मताला घ्यायचे तर 60 जणांचा पाठिंबा लागतो. दोन अपक्षांना धरून डेमोक्रॅटांची बेरीज बरोबर 60 झाली. त्यावर एकही मत शिल्लक नाही. त्यात नेब्रास्काचे बेन नेल्सन आणि कनेक्टिकटचे अपक्ष जो लीबरमन यांच्यासारखे सावध लोक होते. म्हणजे खरा सौदा विरोधकांशी होण्याआधी या साठाव्या माणसाशी करावा लागला. आपल्याला बाहेर दिसतो तो पक्षाचा पहिला भाव. पण घरात झालेल्या सौद्याचा तो पुष्कळदा शेवटचा भाव असतो.

दुसरे कारण, आधी लागलेली ठेच. 1993 साली अध्यक्ष क्लिंटन यांनी मोठी विमा योजना मांडली होती. विमा कंपन्यांनी तिच्याविरुद्ध जाहिरातींची राळ उठवली आणि 1994 साली ती मंजूर न होताच बारगळली. म्हणून 2009 साली औषध कंपन्या आणि रुग्णालये यांना आधीच विश्वासात घेण्याचे ठरले. विश्वासात घ्यायचे म्हणजे त्यांनाही काही द्यावे लागतेच.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. बैलबाजारात एकाला विकायचे असते, दुसऱ्याला घ्यायचे असते. सौदा मोडला तर दोघांचाही दिवस वाया जातो. इथे तसे नव्हते. कायदा झाला नाही तर विमा नसलेली माणसे होती तशीच राहणार. म्हणजे नुकसान कायदा मागणाऱ्यांचे. विरोधकांना तर कायदा नकोच होता. ज्याला रिकाम्या हाताने घरी जाणे परवडते त्याची बाजू नेहमी जड. आणि जो घ्यायलाच आलेला नाही, त्याला चढा भाव सांगा की पडता, काय फरक पडतो?

झालेही तसेच. बॉकस यांच्या समितीत महिनोन्महिने बोलणी झाली. ऑक्टोबर 2009 मध्ये ऑलिंपिया स्नो या एकाच रिपब्लिकन सभासदाचे मत तिथे मिळाले, आणि डिसेंबरात तेही फिरले. खाजगी कंपन्यांच्या जोडीला सरकारी विम्याचाही एक पर्याय असावा, एवढी उरलेली मागणीसुद्धा लीबरमन यांच्या विरोधामुळे सोडावी लागली. 24 डिसेंबर 2009 रोजी सिनेटने विधेयक 60 विरुद्ध 39 मतांनी मंजूर केले. पुढच्याच महिन्यात पोटनिवडणुकीत एक जागा गेली, साठ मोडले. तेव्हा प्रतिनिधिगृहाने सिनेटचाच मसुदा 21 मार्च 2010 रोजी 219 विरुद्ध 212 मतांनी स्वीकारला. दोन्ही शेवटच्या मतदानांत विरोधी पक्षाचे एकही मत मिळाले नाही.

आता तुम्ही विचाराल, मग पडत्या भावाने साधले काय? विरोधक वळवायचे हा हेतू असेल, तर तो फसला, आणि त्यापायी महिने गेले ते गेलेच. आधी चढे मागितले असते तर साठाव्या माणसाला सोडून द्यायला काही हाताशी राहिले असते, हे टीकाकारांचे म्हणणेही विचार करण्याजोगे आहे. पण आपले साठ एकत्र ठेवायचे हा हेतू धरला, तर तो साधला. 2016 पर्यंत विमा नसलेल्यांची संख्या सुमारे दोन कोटींनी घटली. 2017 साली त्या कायद्याचा काही महत्त्वाचा भाग मोडून काढण्याचा प्रयत्न झाला, तो सिनेटमध्ये 49 विरुद्ध 51 मतांनी पडला. पीक सोळा आणे आले नाही, पण शेत पडीकही राहिले नाही.

तेव्हा एखाद्या पक्षाची मवाळ मागणी वर्तमानपत्रात वाचाल, तेव्हा लगेच "डरपोक" म्हणू नका, आणि लगेच "समंजस" म्हणून पाठही थोपटू नका. तीन गोष्टी विचारा. हा भाव ठरवताना घरात कुणाकुणाची समजूत घालावी लागली? सौदा मोडला तर नुकसान कुणाचे? आणि समोरचा खरोखर घ्यायला आला आहे काय? शिक्षक बंधुभगिनींनी नागरिकशास्त्राच्या तासाला हे तीन प्रश्न मुलांपुढे जरूर ठेवावेत. मुलांनी बाजार पाहिलेला असतो. त्यांना ते चटकन कळतील.