नाथषष्ठी मागे का सरकते?

पैठणची नाथषष्ठी २०२२ साली २३ मार्चला होती. पुढच्या वर्षी ती १३ मार्चला आली, २०२४ मध्ये एकदम ३१ मार्चला आणि २०२५ मध्ये २० मार्चला. दिंडी घेऊन पायी येणाऱ्या वारकऱ्याला त्यात नवल वाटत नाही. त्याच्या लेखी फाल्गुन वद्य षष्ठी पक्की आहे, इंग्रजी तारीख कुठेही जावो. गोंधळतो तो उत्तरेकडचा पाहुणा, कारण त्याच्या पौर्णिमान्त पंचांगात हाच पंधरवडा चैत्राचा असतो.

दहा दिवस मागे, अठरा पुढे, अकरा मागे. ही सरकासरक मार्चच्या पहिल्या आठवड्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंतच्या पट्ट्यातच चालते. गणितातल्या एका मोठ्या शाखेची सगळ्यात साधी गोष्ट इथे डोळ्यांसमोर घडते आहे. त्या शाखेला डायनॅमिकल सिस्टिम्स म्हणतात, मराठीत गतिप्रणाली. एक स्थिती घ्यायची, तिला एक नियम लावायचा, जे मिळेल त्याला पुन्हा तोच नियम लावायचा, आणि अशा असंख्य फेऱ्यांनंतर काय होते ते विचारायचे. नियम बहुधा एका ओळीत मावतो. प्रश्न मात्र शंभर-शंभर वर्षे सुटत नाहीत.

कालगणना म्हटली की पैठणकर हक्काने शालिवाहन शकाकडे बोट दाखवतात. इ.स. ७८ पासून मोजला जाणारा हा शक प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या, राजाने सुरू केला, असे आपण लहानपणापासून ऐकतो. इतिहास थोडा खट्याळ आहे. इथल्या सातवाहन राजांनी आपल्या लेखांत राज्यवर्षे घातली, शक नव्हे. शकवर्षे सापडतात ती पश्चिम क्षत्रपांच्या नाण्यांवर, म्हणजे सातवाहनांच्या वैऱ्यांकडे. शालिवाहनाचे नाव त्याला पुष्कळ शतकांनी चिकटले. पैठणचा त्यावरचा हक्क यामुळे कमी होतो असे मला वाटत नाही. ज्या शकाने महाराष्ट्रातली पंचांगे आजवर चालतात, त्याला नाव तरी या गावच्या राजाचे आहे.

आता हिशेब. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत सरासरी २९.५३०६ दिवस लागतात. असे बारा महिने म्हणजे ३५४.३७ दिवस. सूर्य त्याच नक्षत्राशी परत यायला ३६५.२५६४ दिवस घेतो. दर वर्षी जवळजवळ अकरा दिवसांची तूट पडते. महिन्यांच्या भाषेत सांगायचे तर वर्षात १२.३६८७ चांद्रमास बसतात. यातले बारा सोडून द्या. उरलेला ०.३६८७ हा या लेखाचा नायक. एक चांद्रमास म्हणजे एक पूर्ण फेरा असे वर्तुळ मनात आणा. त्यावर दर वर्षी एक ठिपका ०.३६८७ फेरा पुढे टाकायचा. झाली गतिप्रणाली. फेरा पूर्ण झाला की अधिक महिना.

पंचांगकर्ते हा फेरा सरासरीने नव्हे, संक्रांतीने ओळखतात. ज्या चांद्रमासात सूर्य एकही रास बदलत नाही, तो अधिक. आपण त्याला धोंड्याचा महिना म्हणतो आणि जावयाला अनारशांचे वाण देतो. २००१ पासून पाहिले तर अधिकमास २००१, २००४, २००७, २०१०, २०१२, २०१५, २०१८, २०२०, २०२३ आणि २०२६ या वर्षांत येतात. मधली अंतरे अशी: तीन, तीन, तीन, दोन, तीन, तीन, दोन, तीन, तीन. वर्तुळावर ठरावीक पाऊल टाकत गेल्यावर जी दोन अक्षरी माळ तयार होते, तिचा शिस्तशीर अभ्यास मार्स्टन मोर्स आणि गुस्ताव्ह हेडलुंड यांनी १९४० मध्ये केला. अशा माळांना स्टर्मियन म्हणतात. त्यांचे लक्षण असे की त्या कधीही हुबेहूब पुनरावृत्त होत नाहीत, पण त्याहून साधी न आवर्तणारी माळ असूच शकत नाही. सूर्यचंद्र एकसारख्या गतीने चालत असते, तर अधिकमासांची माळ नेमकी तशी झाली असती.

पुनरावृत्ती नाही म्हटले, तरी आभास मात्र जबरदस्त. २००१ चा अधिक आश्विन १८ सप्टेंबर ते १६ ऑक्टोबर होता. २०२० चाही तोच, त्याच तारखांना. २००४ आणि २०२३, दोन्ही वर्षी अधिक श्रावण १८ जुलै ते १६ ऑगस्ट. २००७ आणि २०२६, दोन्हींत अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून. कारण १९ वर्षांत ७ अधिकमास जवळजवळ पुरेपूर बसतात. फरक राहतो तो चार-साडेचार तासांचा. लागोपाठच्या १९ नाथषष्ठ्यांच्या जागा वर्तुळावर मांडल्या, तर त्या सुमारे दीड-दीड दिवसाच्या अंतराने जवळपास सारख्या पसरतात, आणि विसावी पहिलीच्या शेजारी येऊन उभी राहते. एकोणीसच कशाला, कितीही वर्षे घ्या. अशा ठिपक्यांमधल्या अंतरांच्या लांब्या तीनपेक्षा जास्त प्रकारच्या नसतात, आणि तीन असल्या तर सर्वांत मोठी लांबी उरलेल्या दोघींची बेरीज असते. स्टाइनहाउस यांनी केलेले हे अनुमान १९५० च्या दशकात सिद्ध झाले.

१९ का, १८ किंवा २० का नाही? ०.३६८७ चा परंपरित अपूर्णांक काढला की उत्तर हाती येते. संख्येचा व्यस्त घ्यायचा, पूर्णांक बाजूला ठेवायचा, उरलेल्याचा पुन्हा व्यस्त घ्यायचा. बाजूला पडणारे पूर्णांक: २, १, २, २, ८. त्यांतून पायऱ्या मिळतात: १/२, १/३, ३/८, ७/१९, ५९/१६०. प्रत्येक पायरीवर आधीपेक्षा सरस जुळणी. शेवटच्या ८ कडे लक्ष द्या. मोठा आकडा आला की त्याच्या आधीची पायरी विलक्षण चांगली असते. म्हणून १९ वर्षांचे चक्र इतके घट्ट बसते.

यात आपल्या बाजूचा एक मोठा माणूस येतो. भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे ११५० साली, सिद्धान्तशिरोमणी लिहिला. त्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख भाऊ दाजी लाड यांना चाळीसगावजवळच्या पाटण्यात मिळाला. गौताळ्याचा डोंगर ओलांडला की तिथून मराठवाडा लागतो. सिद्धान्तशिरोमणीत क्षयमासाची चर्चा आहे. क्षयमास म्हणजे अधिकाच्या उलट: एकाच चांद्रमासात दोन संक्रांती, म्हणून एक महिना गळतो. सूर्य सर्वांत वेगाने चालतो तो डिसेंबर-जानेवारीच्या सुमाराला, त्यामुळे हा प्रकार कार्तिक ते माघ या थंडीच्या महिन्यांतच घडतो, आणि क्वचित. भास्कराचार्य सांगतात की शके ९७४ मध्ये असा महिना होऊन गेला, पुढे १११५, १२५६ आणि १३७८ मध्ये होईल, आणि दोन क्षयमासांत बहुधा १४१ किंवा १९ वर्षे जातात.

या शकांची वजाबाकी करून पाहा: १४१, १४१ आणि १२२. म्हणजे १४१ मधून १९ वजा. आता पायऱ्यांकडे परत जा. ३/८ आणि ७/१९ यांच्यापासून पुढे १९ ची भर घालत गेले की छेदात येतात २७, ४६, ६५, ८४, १०३, १२२, १४१ आणि मग १६०. १२२ आणि १४१ हे दोन्ही त्याच जिन्यावर आहेत. सूर्यसिद्धान्तात एका महायुगाच्या ४३,२०,००० वर्षांत १५,९३,३३६ अधिकमास सांगितले आहेत. त्या आकड्यांनी हिशेब केला, तर १२२ ही खुद्द एक पूर्ण पायरी ठरते. अलीकडचा अनुभवही तसाच आहे. क्षयमास १८२२-२३ मध्ये आला, नंतर १९६३-६४ मध्ये, मग १९८२-८३ मध्ये. पुढचा २१२३-२४ मध्ये. १४१, १९, १४१.

इथून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यायचे. श्रीकृष्ण गोपाळराव दाणी यांचा जन्म १९४७ चा, बेळगावचा. कारकीर्द प्रामुख्याने मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. १९९० मध्ये त्यांना शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळाले. शुल्बसूत्रांतल्या गणितावरही त्यांनी लिहिले आहे, हे माझ्यासारख्या वाचकाला विशेष आवडते. पण जगभरचे गणिती त्यांचे नाव घेतात ते १९८५ च्या एका निबंधामुळे.

दाणींनी वर्तुळावरच्या ठिपक्याऐवजी ठिपक्यांचे अख्खे जालक घेतले. चौकटीच्या वहीतल्या कोपऱ्यांसारखा पसरलेला सारख्या अंतरांचा समूह, तुमच्या संख्येइतका कललेला. मग त्याला एका दिशेने ताणायचे आणि तितकेच दुसऱ्या दिशेने दाबायचे. काळ जाईल तसे जालक बदलत जाते. अशा सर्व जालकांचा मिळून एक अवकाश होतो आणि आपले जालक त्यात प्रवास करते. या अवकाशाला एक निमुळती, न संपणारी शेपटी आहे. जालकात अगदी छोटे अंतर निर्माण झाले की प्रवासी त्या शेपटीत शिरतो. दाणींनी दाखवले की संख्या अपूर्णांकांशी किती चांगली जुळते आणि प्रवासी शेपटीत किती खोल जातो, या दोन गोष्टी एकच आहेत. याला आता दाणी करस्पॉन्डन्स म्हणतात. आपल्या नायकाला हे लावले, तर परंपरित अपूर्णांकातला तो ८ म्हणजे शेपटीतली एक लांब सहल. (खगोलातला आकडा मोजमापाचा असल्याने काही स्थळांपुढे तो अर्थहीन होतो. चांद्रमासाची लांबीही युगानुयुगे बदलते. पण पहिल्या पायऱ्या पक्क्या आहेत.)

जो प्रवासी शेपटीत जाऊन कधीच परतत नाही, त्याचे काय? एकाच संख्येचा प्रश्न असेल तर अशा फक्त परिमेय संख्या. एकदम दोन संख्या घेतल्या की चित्र पालटते, आणि दोन घड्याळे एकदम जुळवणे ही पंचांगाचीच गरज आहे. क्षयमासाला नुसता वर्ष-महिन्याचा मेळ पुरत नाही, त्या वेळी चांद्रमासही लांब असावा लागतो, आणि ते चंद्राच्या स्वतःच्या वेगाच्या चक्रावर अवलंबून आहे. न परतणाऱ्या जोड्या अस्तित्वात आहेत हे खिंचिन यांनी १९२६ मध्येच दाखवले होते. त्या नेमक्या किती, म्हणजे त्यांच्या समूहाची मिती किती, हे यितवा चँग यांनी २०११ मध्ये सिद्ध केले. उत्तर ४/३. प्रतलात विखुरलेली धूळ, रेषेपेक्षा जाड आणि प्रतलापेक्षा विरळ.

मुंबईतल्या त्याच संस्थेत एम. एस. रघुनाथन यांनी एक अनुमान मांडले होते. जालकांच्या अवकाशात विशिष्ट प्रकारचे प्रवाह सोडले, तर मार्ग वाटेल तसा वेडावाकडा पसरत नाही, तो नेमक्या सुबक उपअवकाशात पसरतो. ओपेनहाइम यांचा १९२९ चा एक प्रश्न त्यातून सुटेल, हेही त्यांनी ओळखले. प्रश्न साधारण असा: क्ष² + य² − √२ झ² या राशीत (सगळेच शून्य नसलेले) पूर्णांक घालून शून्याच्या हवे तितके जवळ जाता येते का? मार्गुलिस यांनी १९८० च्या दशकात होय असे सिद्ध केले. पुढे दाणी आणि मार्गुलिस यांनी मिळून प्राथमिक पद्धतीची सिद्धताही दिली. रघुनाथन यांचे संपूर्ण अनुमान १९९० च्या आसपास मरिना रॅटनर यांनी सिद्ध केले.

रॅटनर यांचे प्रमेय मार्ग शेवटी कुठे पसरतो ते सांगते. किती वेळात, ते सांगत नाही. पंचांगवाल्याला असे उत्तर चालले नसते; त्याला वर्षाचा आकडा हवा असतो. आज या क्षेत्रातली मोठी धडपड हाच आकडा काढण्याची आहे. २०२२ मध्ये लिंडेनस्ट्राउस, मोहम्मदी आणि वांग यांनी काही प्रवाहांसाठी, आणि लेई यांग यांनी आणखी एका अवकाशासाठी, पसरण्याच्या वेगाचे ठोस अंदाज दिले. सर्वसाधारण उत्तर अजून दूर आहे.

याच एलॉन लिंडेनस्ट्राउस यांना २०१० मध्ये हैदराबादला, आंतरराष्ट्रीय गणित परिषदेत, फील्ड्स पदक मिळाले. त्यामागच्या कामांपैकी एक लिटलवूड यांच्या १९३० च्या सुमाराच्या प्रश्नावर होते. दोन संख्या घ्या, दोन्ही घड्याळे एकत्र चालवा. न वर्षांनी दोन्हींत ज्या चुका उरतील त्यांचा गुणाकार करा, वर न नेही गुणा. न योग्य निवडून हा आकडा हवा तितका लहान करता येतो का? लिटलवूड म्हणाले, नेहमी येतो. आइन्सीडलर, कॅटोक आणि लिंडेनस्ट्राउस यांनी २००६ मध्ये दाखवले की अपवाद असलेच तर त्यांच्या समूहाची मिती शून्य आहे. पण समोर ठेवलेली एखादी ठरावीक जोडी त्या अपवादांत आहे की नाही, हे त्यातून कळत नाही. √२ आणि √३ या शाळकरी जोडीबद्दलसुद्धा आजवर कुणाला काही सिद्ध करता आलेले नाही.